आळशी कोण? शलमोनाचा शब्द आणि फारोचा शब्द



आम्ही राहतो ते माहूज म्हणजे बहरीनची राजधानी मनामा हिचा दक्षिणेकडील एक भाग. तेराव्या शतकातील शेख मैथम या विद्वानाची कबर येथेच आहे. पूर्वी या बाजूस खजुरीच्या बागा होत्या. आता घरे, दुकाने आणि मोटारी. तरी आमच्या इमारतीच्या अंगणात एक खजूर उरला आहे व त्याच्या बुंध्याशी मुंग्यांचे वारूळ आहे. ऑगस्ट महिन्यात सूर्य वर येण्यापूर्वी आम्ही खाली उतरतो तेव्हा त्यांची रांग भिंतीच्या कडेने चालू असते. आमच्याच घरातील चपातीचा एखादा तुकडा चारपाच जणी मिळून ओढीत असतात. नऊ वाजता पाहावे तर एकही मुंगी दिसत नाही. उन्हे उतरली की पुन्हा रांग सुरू.

शलमोन राजाने आळशी माणसाला शिकण्यासाठी याच मुंगीकडे पाठविले आहे. मिश्ले म्हणजे नीतिसूत्रे, अध्याय ६. राजा तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. एक अशी की तिच्यावर ना पुढारी, ना मुकादम, ना राजा. दुसरी अशी की सुगीच्या दिवसांतच ती आपले अन्न साठवून ठेवते. मुंगी दाणे साठविते हे निव्वळ काव्य नव्हे. इस्राएल देशात दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या आहेत आणि त्यांचा साठा इतका भरतो की त्यावर कायदा करावा लागला. मिश्नाच्या पेआ या भागात चौथ्या अध्यायाच्या शेवटी प्रश्न आला आहे की, शेतातल्या मुंग्यांच्या बिळात सापडलेले धान्य कोणाचे? शेतमालकाचे की सरवा वेचणाऱ्या गरिबाचे? पीक उभे असताना सापडले तर ते मालकाचे. कापणाऱ्यांच्या मागे सापडले तर वरचे गरिबाचे व खालचे मालकाचे. मुंगीच्या कष्टांचा असा हिशेब दुसऱ्या कोणत्या धर्मशास्त्रात असेल असे आम्हांस वाटत नाही.

मुंगीला राजा नाही हे खरे कशावरून, असा प्रश्न राबी शिमोन बेन हलाफ्ता यांना पडला होता. हे गृहस्थ प्रत्येक गोष्ट करून पाहणारे म्हणून प्रसिद्ध होते. तलमूदच्या हुल्लिन भागात त्यांची गोष्ट आहे. ऐन उन्हाळ्यात त्यांनी एका वारुळावर आपला अंगरखा धरून सावली केली. मुंग्यांना ऊन आवडत नाही हे त्यांना ठाऊक होते. एक मुंगी बाहेर आली, तिच्यावर त्यांनी खूण केली. तिने आत जाऊन बाकीच्यांना सावलीची खबर दिली व सगळ्या बाहेर पडल्या. इतक्यात राबींनी अंगरखा उचलला. ऊन अंगावर पडताच बाकीच्या मुंग्यांनी खबर देणारीला खोटारडी ठरवून ठार केले. राबी म्हणाले, यांना राजा असता तर त्याच्या हुकुमाखेरीज त्यांनी असे केले नसते. पण तलमूदचे विद्वान एवढ्यावर गप्प बसणारे नव्हेत. राजा त्या वेळी त्यांच्यातच हजर असेल तर? त्याने आधीच परवानगी दिली असेल तर? शेवटी ठरले की या प्रयोगावर विसंबू नये, शलमोनाच्या शब्दावर विसंबावे. आम्हांला मात्र त्या बिचाऱ्या मुंगीचेच वाईट वाटते. खबर तर तिने खरी दिली होती.

अलीकडे अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात एका जातीच्या मुंग्यांवर नजर ठेवून असे आढळले की, वारुळातील पुष्कळ मुंग्या बराच काळ काहीच न करता बसून असतात. काम करणाऱ्या मुंग्या कमी पडल्या की बसलेल्यांपैकी काही उठून त्यांची जागा घेतात. हे वाचून आमच्या घरी कोणी म्हणाले, “मग शलमोन चुकला की काय?” चुकला नाही. बसून असलेला प्रत्येक जण आळशी नसतो, एवढेच त्यातून निघते. आजच्या पाठाचा विषय तोच आहे.

आधी शलमोनाचा आळशी पाहू. मूळ इब्री शब्द आहे ‘अत्सेल’. मिश्लेमध्ये हा माणूस पुन्हा पुन्हा भेटतो आणि दर वेळी त्याचे सोंग निराळे असते. थंडी आहे म्हणून तो नांगरणी करीत नाही आणि सुगीला हात हलवीत येतो. दार बिजागरीवर फिरते तसा तो बिछान्यावर या कुशीवरून त्या कुशीवर होतो. हालचाल भरपूर, प्रगती शून्य. ताटात हात घातला तर तो तोंडापर्यंत नेण्याचाही त्याला कंटाळा. घराबाहेर पड म्हटले तर म्हणतो, रस्त्यात सिंह आहे. आपल्या मराठीत ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणतात तोच हा इसम.

यात एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. शलमोनाचा आळशी कधीही ‘मी आळशी आहे’ असे म्हणत नाही. त्याच्याजवळ नेहमी कारण असते. थंडी खरीच पडलेली असते. सिंहही त्या काळी त्या देशात खरोखरच होते. दावीद राजाने मेंढ्या राखताना सिंह मारला होता. म्हणजे कारण अगदीच खोटे नसते, ते फक्त कायम हाताशी असते. म्हणूनच राजा म्हणतो की, शहाणपणाने उत्तर देणाऱ्या सात जणांपेक्षाही हा स्वतःला शहाणा समजतो.

याच्या उलट शब्द आहे ‘हारुत्स’, म्हणजे उद्योगी. हाच शब्द पवित्र शास्त्रात सोन्यासाठी येतो आणि मळणीच्या दातेरी फळीसाठीही येतो. कणसावरून ती फळी फिरली की दाणा वेगळा आणि भूस वेगळे. उद्योगी म्हणजे नुसता धावपळ करणारा असा अर्थ त्यातून निघत नाही. काय करायचे आणि काय नाही हे ज्याला वेगळे काढता येते तो, असे आम्हांस वाटते.

आता दुसरा शब्द. शेमोथ म्हणजे निर्गम, अध्याय ५. मोशे रबेनू व अहरोन फारोपुढे उभे राहून सांगतात की, आमच्या लोकांना रानात जाऊन परमेश्वराचा सण करू द्या. फारोचे उत्तर काय? हे लोक आळशी झाले आहेत, म्हणून त्यांना सण सुचतो! मग तो हुकूम सोडतो की, विटांसाठी पेंढा देऊ नका, तो त्यांनी स्वतः गोळा करावा, पण विटांची संख्या एकानेही कमी होता कामा नये. इस्राएलांचे नायक तक्रार घेऊन गेले तेव्हा तोच शब्द त्याने त्यांच्या तोंडावर दोनदा फेकला. हा शब्द शलमोनाचा ‘अत्सेल’ नाही. फारो म्हणतो ‘निर्पिम’, म्हणजे ढिले पडलेले, हात सैल सोडलेले. ज्यांच्या हाताला विटांचे घट्टे पडले होते त्यांना तो आळशी म्हणत होता, कारण त्यांनी एक सण मागितला.

वाचकहो, सबंध तोरामध्ये आळसाचा आरोप असा उघडपणे कोण करतो? मोशे नव्हे, आपले पूर्वजही नव्हेत. तो करतो फारो. म्हणून कोणी कोणाला आळशी म्हटले की आम्ही आधी विचारतो, बोलणारा कोण आहे आणि त्याला विटा किती हव्या आहेत?

रोमन लोकांनीही तेच केले. सेनेका नावाचा त्यांचा तत्त्ववेत्ता म्हणे की, यहुदी लोक आयुष्याचा सातवा हिस्सा रिकामे बसून वाया घालवितात. टॅसिटस या इतिहासकारानेही आपल्या सातव्या दिवसाला व सातव्या वर्षाला आळसच ठरविले. इतक्या विद्वान माणसांना हे कळू नये याचे नवल वाटते. चौथी आज्ञा नीट वाचली असती तर तिच्यात दोन भाग दिसले असते. सातव्या दिवशी थांब, हा एक. पण त्याआधी सहा दिवस काम कर, असेही तेथे सांगितले आहे. सहा दिवस काम करणे हीही आज्ञाच आहे, असे आपल्या जुन्या राबींनी सांगून ठेवले आहे. जो सहा दिवस काहीच करीत नाही तो सातव्या दिवशी थांबणार तरी कशापासून?

देवारीम म्हणजे अनुवादाच्या पाचव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा येते, पण तेथे कारण निराळे दिले आहे. शेमोथमध्ये कारण सृष्टीच्या उत्पत्तीचे आहे. येथे मोशे रबेनू म्हणतात की, तू मिसरात गुलाम होतास याची आठवण ठेव, म्हणून थांब आणि तुझा नोकर, तुझी दासी, तुझा बैल, तुझा गाढव यांनाही थांबू दे. फारोला दिलेले उत्तर हेच. गुलामाला थांबता येत नाही. ज्याला थांबता येते तो गुलाम राहिलेला नसतो.

बैलाचा उल्लेख आला की आपल्याला कोकण आठवणारच. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून उतरले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे हल्लीच्या रायगडातील, गावोगावी ते तेल गाळू लागले. ग्रंथ गेले, बरीचशी इब्री भाषाही गेली. शमा राहिली, सुंता राहिली, माशांचे नियम राहिले आणि शनवार राहिला. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि आपले लोक शनवार तेली. जगात लोकांना त्यांच्या कामावरून नावे पडतात. आपल्याला कामावरून अर्धे नाव पडले आणि उरलेले अर्धे काम थांबविण्यावरून.

घाणा ज्यांनी चालताना पाहिला आहे त्यांना त्यातले कष्ट सांगावयास नकोत. उखळात तीळ किंवा खोबरे घालायचे, लाट फिरत राहायची, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल त्याच वर्तुळात दिवसभर चालायचा. तेल खाली उतरले की पेंड काढायची आणि नवा घाणा घालायचा. मग ते तेल घेऊन घरोघर, वाडीवाडी. शुक्रवारी संध्याकाळी बैल सोडला की तो रविवारी पुन्हा जुंपायचा. शेजारच्या लोकांना प्रथम हे चमत्कारिकच वाटले असेल. शनिवारी दिव्याला तेल हवे असेल तर काय करावे? गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे गेले तर? गरीब माणसाने आठवड्याचा एक दिवस सोडणे म्हणजे पोटाला चिमटा घेणे. तरी शतकानुशतके त्यांनी घाणा बंद ठेवला, तोही शब्बाथचे नियम सांगणारे एकही पुस्तक हाताशी नसताना. मराठीत ‘घाण्याचा बैल’ हे राबून राबून कोठेही न पोहोचणाऱ्या माणसाचे नाव आहे. आपल्या घाण्याचा बैल मात्र आठवड्यातून एकदा झापड काढून गोठ्यात निवांत बसत असे.

अठराव्या शतकापासून आपले लोक मुंबईस जाऊ लागले. कोणी सुतार झाले, कोणी गवंडी, कोणी पलटणीत शिरले, कोणी कचेरीत कारकून. पलटणीतील समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. हाईम शमुवेल केहिमकरांनी १८७५ साली इस्राएली शाळा उभारण्यात पुढाकार घेतला व समाजाचा इतिहासही लिहिला. त्याचे हस्तलिखित १८९७ चे, पण छापून आले १९३७ साली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी इब्री प्रार्थनांचे मराठी केले. ही नावे वाचकांना नवी नाहीत. तेलाच्या पिंपापासून येथपर्यंतची मजल आळशी लोकांना मारता येत नाही, एवढ्यासाठी ती घेतली.

कष्टाच्या कामाची लाज आपल्या धर्मात कधी नव्हती. हिल्लेल रोजंदारीवर राबत आणि मिळालेल्यातील निम्मे पैसे अभ्यासगृहाच्या दारवानाला देत. राबी येहोशुआ कोळशाचे काम करून पोट भरीत, राबी योहानान हे तर ‘सांडलार’ म्हणूनच ओळखले जातात, म्हणजे चांभार. राबी येहुदा यांनी म्हटले आहे की, जो बाप मुलाला धंदा शिकवीत नाही तो जणू त्याला चोरी शिकवितो. आणि शब्बाथची तयारी? तलमूदच्या शब्बाथ भागात मोठमोठ्या विद्वानांची यादी आहे. एक लाकडे फोडतो, एक वाती वळतो, एक भाजी चिरतो आणि रावा नावाचे राबी स्वतः मासळीला मीठ लावतात. आमच्या घरी हा उतारा फार आवडीचा आहे. बहरीनमध्ये सुरमईला चनाद म्हणतात. शुक्रवारी ती आणून साफ करून हळदमीठ लावण्याचे काम आमच्याकडे घरधन्याचे, आणि हे काम रावांचे आहे असे म्हटले की तक्रार करता येत नाही.

शुक्रवार म्हटला म्हणून येथील सुट्टीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. आम्ही १९९४ साली या देशात आलो तेव्हा सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवारची होती आणि शनिवार हा आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. शब्बाथच्या सकाळी बस पकडून गोदामात जायचे, याला इलाज नव्हता. इस्राएलमधील बांधवांना याची कल्पना येणे कठीण. पुढे २००६ च्या सप्टेंबरपासून सुट्टी शुक्रवार-शनिवारची झाली. एका मुसलमान देशात सरकारने आपण होऊन शब्बाथ आमच्या हाती दिला, तोही शुक्रवारच्या तयारीच्या दिवसासकट. मुंबईत कित्येक पिढ्यांना जे लाभले नाही ते माहूजमध्ये लाभले.

याच देशाने आणखीही एक नियम केला आहे. २००७ पासून जुलै व ऑगस्टमध्ये दुपारी बारा ते चार उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास बंदी आहे, आणि २०२५ पासून ती १५ जून ते १५ सप्टेंबर अशी तीन महिने झाली. दुपारी आमच्या रस्त्यावर इमारतीच्या सावलीत मजूर आडवे झालेले दिसतात. बिहारचे, आंध्रचे, बांगलादेशचे. वातानुकूलित मोटारीतून जाणारा एखादा म्हणतो, पाहा कसे झोपलेत! त्याने पहाटे साडेचारला त्यांची बस पाहिलेली नसते.

तेल सापडण्यापूर्वी, म्हणजे १९३२ पूर्वी, हा देश मोत्यांवर जगत असे, आणि त्या मोत्यांची मोठी पेठ आपली मुंबई होती. उन्हाळ्याचे चार महिने गलबते समुद्रात. नाकाला चाप लावून, पायाला दगड बांधून पाणबुड्या तळाशी जायचा, दम संपेपर्यंत शिंपले गोळा करायचा. वर दोरी धरून त्याचा सोबती उभा असे. खूण मिळताच त्याने ओढले नाही तर खालच्याचा जीव गेला. वर दोरी धरून उभा राहिलेला माणूस काम करीत आहे की नाही? किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला तो नुसता उभाच दिसेल. शुक्रवारी रात्री आपण गुणवती स्त्रीची स्तुती म्हणतो, मिश्लेचा अखेरचा अध्याय, तेव्हा तिचे मोल ‘पेनिनिम’पेक्षा अधिक सांगितले आहे. कोणी त्याचा अर्थ माणके करतात, कोणी पोवळी, कोणी मोती. बहरीनमध्ये राहून आम्ही मोतीच म्हणतो. ती स्त्री रात्र सरण्यापूर्वी उठते, सूत कातते, शेत पाहून विकत घेते, गरिबाला हात देते. पण तिची स्तुती कधी गायची? ज्या रात्री तिने चरखा बाजूला ठेवला आहे त्या रात्री.

इथवर लिहिले ते धड्यासारखे झाले. आता जे सांगावयाचे आहे ते आमच्या स्वतःच्या पदरचे आहे.

२००६ साली शनिवार मोकळा झाला तेव्हा आम्ही कामाला होतो त्या पेढीने शनिवारी जादा काम देऊ केले, जादा दराने. सक्ती नव्हती. आम्ही हो म्हटले. मुलांची शिक्षणे, मुंबईच्या जागेचे हप्ते, कारणे होतीच आणि ती खोटी नव्हती. जो शनवार आमच्या आजोबांनी उपाशी राहून राखला तो आम्ही तासाच्या दराने विकला, आणि वर स्वतःला उद्योगी म्हणवून घेतले. सोबती म्हणत, “साहेब, तुम्ही कधी सुट्टीच घेत नाही!” आम्हांला ते भूषण वाटे.

आमच्या मूळ गावी, अलिबाग तालुक्यात, आपल्या लोकांचे एक लहानसे कबरस्थान आहे. आजोबा, आजी, चुलत आजे तेथे आहेत. काही दगडांवर इब्री व मराठी अक्षरे आहेत, काही नुसतेच दगड. भोवती दगडाचा गडगा. गावात आता आपले एकही घर नाही. कोणी लोदला, कोणी दिमोनाला, कोणी ठाण्याला. २०१२ च्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा गडग्याच्या एका कोपऱ्यातले पाचसहा दगड सुटले होते. गावातला गवंडी म्हणाला, “एक दिवसाचं काम आहे, आज सांगाल तर उद्या लावतो.” आम्ही म्हटले, पुढच्या खेपेस. २०१४ ला घाई होती. २०१६ ला मुलीचे लग्न होते. २०१८ ला पाऊस लांबला होता. दर वेळी रस्त्यात सिंह.

२०२० साली सिंह खरोखरच आला. साथीमुळे विमाने बंद झाली आणि ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. गडग्यावर आंब्याचे झाड कोसळले. पुढे आम्ही सर्वांना सांगत राहिलो की चक्रीवादळाने भिंत पाडली. २०२२ मध्ये जाऊन पाहिले तर झाड पडले होते ते पुढच्या बाजूस आणि तेथील गडगा बराचसा उभा होता. ढासळला होता तो मागचा कोपरा, पाचसहा दगड सुटले होते तो. तेथून गुरे आत शिरत. घाणेरी माणसाच्या उंचीची वाढली होती. आजीच्या दगडापर्यंत जाण्यासाठी कोयता मागवावा लागला.

मिश्लेच्या चोविसाव्या अध्यायाच्या शेवटी शलमोन म्हणतो की, मी आळशी माणसाच्या शेतावरून गेलो तो सगळीकडे काटे माजलेले आणि दगडी कुंपण कोसळलेले. लहानपणी मशिदीत हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे कोणी तरी दुसराच माणूस येत असे, लोळत पडलेला, पोट सुटलेला. जो आठवड्याचे सातही दिवस कामावर जातो त्याचेही कुंपण कोसळू शकते हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. पेढीत आम्ही हारुत्स, गावात अत्सेल. दोन्ही एकाच अंगरख्यात.

पत्रांचेही तेच. लोदच्या आत्यांची पत्रे येत, ‘अरे बाळा, दोन ओळी तरी लिही.’ आम्ही दुपारी दमून येत असू आणि म्हणत असू, उद्या. आत्या २०१७ साली गेल्या. शेवटच्या पत्राला उत्तर गेलेले नाही. ते पत्र आमच्याजवळ आहे.

पिर्के आबोथमध्ये राबी तारफोन यांचा एक विचार आहे. दिवस लहान व काम पुष्कळ, ते पुरे करण्याची जबाबदारी तुझी एकट्याची नव्हे, पण म्हणून ते टाकून देण्याची मोकळीकही तुला नाही, असा त्याचा आशय. कोकणात अशी कबरस्थाने कितीतरी गावी आहेत, आणि प्रत्येकाचे वारस दहा ठिकाणी विखुरलेले. वाचकांपैकी कोणाच्या गावी गडगा सुटला असेल तर आजच पत्र लिहावे, गवंडी मिळतात. आमच्या गावचा जुना गवंडी आता थकला. त्याचा मुलगा काम करतो.

शनिवारचे जादा काम आम्ही २०२२ च्या त्या सुट्टीनंतर सोडले. पगार थोडा कमी येतो. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की फोन बंद. मुंग्या मात्र शब्बाथच्या सकाळीही भिंतीच्या कडेने चालतच असतात, त्यांना आज्ञा नाही.

यंदाच्या दिवाळीनंतर गडग्याचे काम धरले आहे. गवंड्याच्या मुलाशी फोनवर बोलणे झाले. दगड किती, रेती कोठून, मजूर किती, सगळे ठरले. मागचा कोपरा आधी घ्यावयाचा, मग पुढची बाजू, मग फाटक. काम किती दिवस चालेल म्हणून विचारले तर म्हणाला, आठ दिवस धरा. आम्ही पुढे काही सांगणार तोच तो म्हणाला, “शनवारी काम नाय लावायचं, ठाव हाय मना. बाबा सांगून ठेवलेत.”